गांधीबागेच्या पोरांना जगाचा सिनेमा दाखवा

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला लागला. १७ मार्चच्या संध्याकाळी महाल, हंसापुरी आणि गांधीबागेच्या बाजूला दगड चालले, गाड्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले की 'छावा'मुळे औरंगजेबाबद्दलचा लोकांचा राग उफाळून आला. ते असंही म्हणाले की हल्ला ठरवून केलेला दिसतो. दुसऱ्या वाक्यावर आपल्या मोहल्ल्यांमध्ये आठवडेच्या आठवडे बोलणं झालं. पहिल्या वाक्याशी मात्र कुणी थांबलंच नाही. राज्याचा प्रमुख सभागृहात उभा राहून सांगतोय की पावणेतीन तासांचा एक सिनेमा शहराचं डोकं फिरवू शकतो. मग त्या शहरातल्या कॉलेजांनी पोरांना सिनेमा कसा बघायचा हे शिकवायला नको?

माझी मागणी साधी आहे. ज्या ज्या कॉलेजात आपली पोरं-पोरी शिकतात, तिथे महिन्यातून एकदा जगातला एक चांगला चित्रपट दाखवला गेला पाहिजे आणि त्यानंतर तासभर त्यावर बोलणं झालं पाहिजे. आणि यात आपल्याच लोकांनी काढलेली, आपलेच लोक चालवत असलेली कॉलेजं सगळ्यात पुढे असली पाहिजेत.

हे बोललं की हसणारे भेटतात. 'काऊन बे, पोरं आत आहेत, घरांवर बुलडोझर येतोय, अन् तुला पिक्चर सुचून राहिला?' हो, सुचून राहिला.

त्या दिवशी काय झालं ते पुन्हा एकदा आठवा. दिवसा महालात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ औरंगजेबाची कबर हटवण्यासाठी आंदोलन झालं, पुतळा जाळला, हिरवी चादर जाळली. चादरीवर आयती लिहिल्या होत्या ही बातमी संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून घराघरात पोचली. मग जे झालं ते झालं. तीन पोलीस उपायुक्तांसह तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. जखमी झालेल्या एका माणसाचा पुढे जीव गेला. ११ पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. रमजान चालू होता. ईदच्या खरेदीच्या ऐन दिवसांत गांधीबागचं कापड मार्केट आणि मोमिनपुऱ्याचा बाजार, दोन्हीकडची शटरं खाली. कापडाच्या दुकानात हिंदू शेठ आणि मुस्लिम कारागीर, दोघांचाही धंदा त्याच आठवड्यात बसला.

एक बाजू सिनेमा बघून पेटली होती, दुसरी क्लिप बघून. दोन्हीकडे पडद्यावर जे दिसतंय ते कुणी, कसं, कशासाठी बनवलं असेल हा प्रश्न विचारायची सवय नव्हती. दगड उचलणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. ज्याने दगड उचलला त्याने आपल्याच आईबापाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावलं. पण दगडाच्या आधी मोबाइल उचलला होता, आणि त्याबद्दल बोलायला आपण तयार नाही.

'छावा'चंच उदाहरण घ्या. आपल्यातल्या किती जणांनी तो पूर्ण पाहिला? मी ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी रील्स पाहिल्या होत्या. थिएटरात पोरं रडताहेत, घोषणा देताहेत, त्याच्या रील्स. म्हणजे सिनेमा पाहणाऱ्यांना पाहिलं, सिनेमा नाही पाहिला. तो शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून केलेला आहे, थेट बखरीतून किंवा कागदपत्रांतून नाही, हे कितींना माहीत होतं? त्याचं संगीत ए. आर. रहमानचं आहे. ज्या दृश्यानं थिएटरं रडली, ते दृश्य एकदा आवाज बंद करून बघा. मग नुसता आवाज ऐका, चित्र न बघता. तीन मिनिटांत कॅमेरा किती वेळा बदलतो ते मोजा. कुणाचा चेहरा जवळून दाखवलाय आणि कुणाची नुसती गर्दी दाखवली आहे ते लिहून काढा. कुणाच्या अंगावर उजेड आहे, कुणाच्या भोवती अंधार आहे? अर्ध्या तासाचा हा उद्योग कोणत्याही वर्गात करता येतो. एक प्रोजेक्टर आणि एक फळा, बस्स. हे केलेल्या मुलाला सिनेमा आवडणार नाही असं नाही, कदाचित जास्तच आवडेल. पण तो सिनेमाकडे इतिहासाचं पुस्तक म्हणून बघणार नाही आणि शिवी म्हणूनही बघणार नाही. संभाजीराजांच्या शौर्याला सलाम करून तो म्हणू शकेल की इथे दिग्दर्शकानं संगीत चढवलं, कारण त्याला माझं रक्त तापवायचं होतं.

ही नजर फक्त मुंबईचे सिनेमे बघून येत नाही. तुलनेला दुसरं काही लागतं. आयुष्यभर एकच भाजी खाणाऱ्याला मीठ जास्त पडलंय की कमी हे कसं कळणार? १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. त्यात इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला. चोरीला गेलेली सायकल शोधत रोमच्या रस्त्यांवर फिरणारा बाप आणि त्याचा पोरगा, एवढीच गोष्ट. बिमल रॉय यांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. त्या काळच्या हिंदी सिनेमातल्या गरिबाचा चेहरा बदलण्यात त्या एका महोत्सवाचा वाटा होता. आपल्या मोहल्ल्यातून उद्या दिग्दर्शक निघेल असा दावा मी करत नाही. पण निदान पाहणारा तरी निघेल.

मग अडतंय कुठे?

पहिलं, प्राचार्यांच्या खुर्चीत. तिथे 'वादग्रस्त' नावाचा एक शब्द ठेवलेला असतो आणि तो कशावरही चिकटवता येतो. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही पाच-सहा जणांनी माजिद माजिदींचा 'चिल्ड्रेन ऑफ हेवन' दाखवायची परवानगी मागितली. तेहरानमधले गरीब बहीण-भाऊ. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात. बापाला सांगायची सोय नाही, म्हणून दोघं एकच जोड वाटून घेऊन शाळेत जातात. सकाळी ती, दुपारी तो. त्यात राजकारण शोधायला दुर्बीण लागेल. आमच्या साहेबांनी विचारलं, 'इराणी म्हणजे मुस्लिम पिक्चर ना? मग दुसरेही म्हणतील आमचा दाखवा.' परवानगी नाही. त्याच वर्षी गॅदरिंगला अमेरिकन मारामारीचा सिनेमा दाखवला गेला. तो ख्रिश्चन पिक्चर आहे का, हे कुणी विचारलं नाही.

ही जुनी आणि किरकोळ गोष्ट झाली. आता मोठ्या संस्थांकडे बघा. जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीचा 'इंडिया: द मोदी क्वेश्चन' आला. केंद्र सरकारनं २०२१ च्या आयटी नियमांतले आणीबाणीचे अधिकार वापरून त्याच्या लिंक काढायला लावल्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं, म्हणजे टीसनं, पडद्यावर दाखवायला परवानगी नाकारली. तर विद्यार्थ्यांनी आवारात बसून लॅपटॉपवर पाहिला. पुढच्या वर्षी, २३ जानेवारी २०२४ ला, पुण्याच्या एफटीआयआयमध्ये जमाव घुसला, विद्यार्थ्यांना मारहाण झाली, त्यांचा बाबरीची आठवण करून देणारा फलक जाळला गेला. त्याच सुमारास तिथे आनंद पटवर्धनांचा 'राम के नाम' दाखवला गेला होता. देशात सिनेमा शिकवणारी पहिल्या नंबरची सरकारी संस्था, जिथे प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून जगभरातले सिनेमे लागत आले, तिथेही हे झालं. एप्रिल २०२४ मध्ये टीसनं एका दलित पीएचडी विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. त्याच्यावरच्या आरोपांमध्ये एक असा होता की त्यानं २६ जानेवारीला 'राम के नाम' बघा, असं समाजमाध्यमावर आवाहन केलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जेवढं निलंबन भोगून झालं तेवढंच पुरे, असं म्हणून त्याला परत अभ्यासाला बसू दिलं.

आता या 'वादग्रस्त' सिनेमाची कुंडली बघा. 'राम के नाम'ला सेन्सॉरचं 'यू' प्रमाणपत्र आहे, म्हणजे लहान मुलांनीही बघावा असा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. कोर्टाच्या आदेशानंतर तो १९९७ मध्ये सरकारी दूरदर्शनवर दाखवला गेला आहे. सरकारनं पास केलेला, सरकारनं बक्षीस दिलेला, सरकारच्या चॅनलवर लागलेला सिनेमा बघा म्हणणं हा विद्यार्थ्याचा दोष ठरतो. तेव्हा प्राचार्यांना कायद्याची भीती वाटते असं म्हणू नका. कायद्याची भीती असती तर त्यांनी कायदा वाचला असता.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना स्पष्ट सूट आहे. संस्थेच्या कामाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसांसमोर चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग होत नाही. चौकातल्या मंडळाला ही सोय नाही, कॉलेजला आहे. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. त्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी चित्रपटांसाठी महोत्सवांना केंद्राकडून सूट घ्यावी लागते. ही सूट आता किती ताणली जाते ते डिसेंबर २०२५ मध्ये केरळच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दिसलं. १९ चित्रपट अडकले. त्यात पॅलेस्टाईनवरचे होते, आणि १९२५ चा, शंभर वर्षं जुना 'बॅटलशिप पोटेम्किन'ही होता. नंतर बरेचसे सुटले. तेव्हा सुरुवात भारतात प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांपासून करा. प्राचार्यांची पळवाट तिथेच बंद होते. आणि पहिल्या चार-पाच कार्यक्रमांनंतर कॉलेजच स्वतः पुढचं विचारेल, हा माझा अंदाज.

इथे एक नागपूरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या देशात चित्रपटाच्या सेन्सॉरशिपला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणारा गाजलेला खटला कुणाचा? ख्वाजा अहमद अब्बास यांचा. त्यांच्या 'चार शहर एक कहानी' या छोट्या माहितीपटाला सेन्सॉरनं 'यू' नाकारलं. पुढे सरकार नमलं, पण अब्बास मागे हटले नाहीत. त्यांनी आधी सेन्सॉर करण्याच्या पद्धतीलाच आव्हान दिलं. १९७० मध्ये निकाल लागला, आणि तो लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हिदायतुल्ला कुठले? आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. नागपूर उच्च न्यायालयात वकिली केली, तिथेच न्यायाधीश झाले, मुख्य न्यायाधीश झाले. त्यांनी सेन्सॉर कायम ठेवला, म्हणजे अब्बास हरले. पण त्याच निकालात त्यांनी सेन्सॉरला बजावलं की पडद्यावर काय विषय आहे एवढ्यावर कात्री चालवू नका, तो विषय कसा हाताळलाय ते बघा. सिनेमा बघायला शिकणं म्हणजे दुसरं काय असतं? एका बाजूला मुस्लिम दिग्दर्शक, दुसऱ्या बाजूला नागपुरात शिकलेला मुस्लिम न्यायाधीश, आणि दोघांमधली चर्चा या देशातल्या प्रत्येक प्रेक्षकासाठी. हा आपला वारसा आहे, आणि आपल्या पोरांना त्यातलं एक नावही माहीत नाही.

दुसरी अडचण आपल्याच घरात आहे. तिच्याबद्दल बोललं की मोहल्ल्यात लोक नाराज होतात. होऊ देत.

२०१५ मध्ये माजिदींनी 'मुहम्मद: द मेसेंजर ऑफ गॉड' काढला. पैगंबरांच्या बालपणावरचा सिनेमा, त्यात त्यांचा चेहरा दाखवलेला नाही. संगीत ए. आर. रहमानचं. मुंबईच्या रझा अकादमीनं फतवा आणवला की माजिदी आणि रहमान या दोघांनी पुन्हा कलमा पढावा आणि पुन्हा निकाह करावा. रहमाननं उत्तरात जे लिहिलं त्याचा मतलब असा होता: कयामतच्या दिवशी अल्लाहनं मला विचारलं की तुला एवढी कला दिली, मग माझ्या पैगंबरावरच्या सिनेमाला संगीत का दिलं नाहीस, तर मी काय सांगू? पाच वर्षांनी, जुलै २०२० मध्ये, तो सिनेमा ऑनलाइन येणार होता. पुन्हा तीच मागणी. आणि राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री, आपल्याच नागपूर जिल्ह्यातले अनिल देशमुख, यांनी केंद्राला पत्र लिहून बंदी मागितली. त्यांच्या आघाडीत स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवणारे दोन पक्ष होते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तेव्हा आपल्यातल्या किती तरुणांनी म्हटलं की हा सिनेमा मला बघायचा आहे, बघितल्यावर मी ठरवीन? २०२३ मध्ये टीसच्या आवारात लॅपटॉप उघडून बसलेल्या पोरांना आपण शाबासकी दिली. 'द केरला स्टोरी'वर संतापलो. त्या सिनेमावरून सुरू झालेल्या इन्स्टाग्रामवरच्या वादातून मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगल झाली, तेव्हा हबकलो. पण आपल्याच माणसांनी सिनेमा बंद पाडला तेव्हा आपण गप्प होतो. बंदीचं हत्यार आपण उचलून दुसऱ्याच्या हातात देतो आणि मग ते आपल्यावर चाललं की ओरडतो. ज्याला 'राम के नाम' दाखवायचा हक्क हवा आहे, त्यानं माजिदींचा सिनेमा दाखवायचा हक्कही मागितला पाहिजे. तोही त्याच प्राचार्यांकडे, त्याच अर्जात.

आणि 'सिनेमाच हराम आहे' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये दिवसाला किती व्हिडिओ चालतात ते त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन बघावं.

काय दाखवायचं, हा खरा मजेचा भाग आहे.

सौदी अरेबियाचा 'वज्दा' घ्या, २०१२ चा. दिग्दर्शक हैफा अल-मन्सूर, एक बाई. त्या काळी त्या देशात सिनेमागृह नव्हतं, ती २०१८ मध्ये सुरू झाली. रस्त्यावर पुरुषांबरोबर उभं राहून काम करता येत नव्हतं, म्हणून तिनं गाडीत बसून वॉकी-टॉकीवरून बाहेरची दृश्यं घेतली. गोष्ट रियाधमधल्या एका शाळकरी मुलीची, जिला हिरवी सायकल हवी आहे. मुली सायकल चालवत नाहीत, असं सगळे सांगतात. पैसे मिळवायला ती कुरआन पठणाच्या स्पर्धेत उतरते आणि पहिली येते. घरात टांगलेल्या वंशवृक्षावर फक्त पुरुषांची नावं आहेत. ती आपलं नाव कागदावर लिहून तिथे टाचते, कुणीतरी ते काढून टाकतं. बाप मुलासाठी दुसरं लग्न करतोय. यात मोमिनपुऱ्यातल्या कोणत्या मुलीला अनोळखी वाटेल असं काय आहे? पण मुंबईच्या सिनेमात तिला अशी मुस्लिम मुलगी दिसत नाही. तिथे ती एकतर बुरख्यातली बिचारी असते, नाहीतर बॉम्बवाल्याची बहीण. 'वज्दा'मध्ये धर्म पाळणारी, हट्टी, हुशार, थोडी लबाड पोरगी आहे. वर्गात शेजारी बसलेल्या हिंदू मुलीनंही ती पाहिली पाहिजे, आपल्या मुलीनं तर पाहिलीच पाहिजे. आणि चर्चेत दुसऱ्या लग्नाचा विषय निघेल. निघू दे. हाच विषय मोहल्ल्यात काढला की भांडण होतं, सिनेमानंतर तो वज्दाच्या आईचा विषय होतो आणि माणसं जरा मोकळी बोलतात.

बोस्नियाचा 'क्वो वादिस, आयदा?' २०२० चा. दिग्दर्शक यास्मिला झ्बानिच. जुलै १९९५ मधलं स्रेब्रेनित्सा, जिथे आठ हजारांहून अधिक बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलं मारली गेली. आयदा शाळेत शिकवणारी बाई, आता संयुक्त राष्ट्रांच्या तळावर दुभाषी. नवरा आणि दोन मुलांना वाचवायला तिची जी पळापळ चालते ती बघवत नाही. पण मला तो सिनेमा शेवटासाठी दाखवायचा आहे. काही वर्षांनी ती परत येते. तिच्या घरात दुसरं कुटुंब राहतंय. ती पुन्हा शाळेत शिकवायला लागते. वर्गातल्या मुलांच्या पालकांमध्ये मारणारेही आहेत. दंगलीनंतर आपलीही दुकानं उघडली, शेजारी शेजारी उघडली. कोण कुठे होतं हे सगळ्यांना साधारण माहीत आहे. आपल्यावर आभाळ स्रेब्रेनित्साएवढं कोसळलं असं म्हणणं खोटं होईल, आणि मेलेल्यांचा अपमानही. पण त्यानंतर रोज समोरासमोर कसं जगायचं हा प्रश्न आयदाचा आहे तसा हंसापुरीचाही आहे. मार्च २०२५ नंतरच्या शांतता समितीच्या बैठकांपेक्षा हा सिनेमा जास्त प्रामाणिक आहे, असं माझं मत.

आणि 'नो अदर लँड'. हा चार जणांनी मिळून केलाय, दोन पॅलेस्टिनी आणि दोन इस्रायली: बासेल अद्रा, हमदान बल्लाल, युवाल अब्राहम, राहेल झोर. वेस्ट बँकमधल्या मसाफेर यत्ता या भागात बुलडोझर येतात, घर पाडतात, लोक रात्री पुन्हा बांधतात, पुन्हा बुलडोझर येतात. वर्षानुवर्षं. २ मार्च २०२५ ला त्याला ऑस्कर मिळालं. आता तारीख लक्षात घ्या. २४ मार्च २०२५ ला नागपूर महापालिकेनं दंगलीतल्या एका आरोपीच्या कुटुंबाचं घर पाडलं. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझरबद्दल नियम घालून दिले होते: आधी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, म्हणणं ऐकून घेणं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याच दिवशी कारवाई थांबवली, पण घर तोपर्यंत पडलेलं होतं. पुढे आयुक्तांनी कोर्टात बिनशर्त माफी मागितली, आपल्याला त्या निकालाची कल्पना नव्हती म्हणून. आणि त्याच २४ मार्चला तिकडे हमदान बल्लालला वस्तीवाल्यांनी मारहाण केली आणि लष्करानं ताब्यात घेतलं. ऑस्कर घेऊन तीन आठवडे झाले होते.

त्या आठवड्यात आपल्याकडचे व्हॉट्सॲप ग्रुप पॅलेस्टाईनच्या फोटोंनी भरलेले होते. डीपीवर झेंडे होते. पण हा सिनेमा बसून पाहिलेले किती? पाहिला असता तर त्यातली एक गोष्ट उपयोगी पडली असती. बासेल दगड मारत नाही, कॅमेरा चालू ठेवतो. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, अधिकाऱ्याच्या हातातला कागद, सगळं रेकॉर्ड होतं. घर वाचत नाही, पण खोटं बोलणाऱ्याला सोपं राहत नाही. माफी मागायला लावणाऱ्या वकिलांनाही कोर्टात असाच पुरावा लागतो. आणि दुसरी गोष्ट, त्याच्या शेजारी बसून काम करणारा युवाल ज्यू आहे. मोहल्ल्यातल्या भाषणांमध्ये 'यहुदी' हा शब्द ज्या चवीनं उच्चारला जातो, ती चव हा सिनेमा पाहिल्यावर राहत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये गोव्याच्या सरकारी महोत्सवात मंचावर उभं राहून 'द काश्मीर फाइल्स'ला प्रचारपट म्हणणारा ज्युरींचा अध्यक्ष नादाव लापिद हाही इस्रायलीच होता. तेव्हा त्याच्या क्लिप आपणच फॉरवर्ड केल्या होत्या.

आता एक अडचण अशी की जिच्याबद्दल चित्रपट महोत्सववाले बोलतच नाहीत: भाषा. नागपुरात आंतरराष्ट्रीय महोत्सव झाले आहेत, फिल्म सोसायट्यांचे कार्यक्रम होतात. चांगलं काम आहे, मी जातो. पण प्रेक्षक बघा. बहुतेक सगळे रेल्वेलाइनच्या पलीकडचे, धरमपेठ-शंकरनगरकडचे. अग्रसेन चौकातून मेट्रोत बसलं की सीताबर्डी काही स्टेशनांवर आहे, तरी गांधीबागेतलं पोरगं तिथे पोचत नाही. कारण फक्त अंतराचं नाही. पडद्यावर फारसी, खाली इंग्रजी पट्टी, आणि मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेला मुलगा पहिली ओळ वाचेपर्यंत तिसरी निघून गेलेली. दहा मिनिटांत तो मोबाइल काढतो. त्याला सिनेमा कळत नाही असा निष्कर्ष काढून आयोजक मोकळे.

यावर उपाय आपल्या हातात आहे, आणि इथे माझ्या धंद्याचा उपयोग होतो. सबटायटलची फाइल, एसआरटी म्हणतात ती, साधी मजकुराची फाइल असते. क्रमांक, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आणि खाली ओळ. कोणत्याही लॅपटॉपवरच्या नोटपॅडमध्ये उघडते. इंग्रजी ओळ खोडून मराठी लिहायची. फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून साठवायची, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात. जोडाक्षरं तुटत असतील तर फॉन्ट बदलायचा. ओळ लांब ठेवायची नाही. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा पसरतं, म्हणून शब्दाला शब्द न लावता मतलब लिहायचा. 'वज्दा'सारख्या सिनेमाला चार जणांनी वाटून घेतलं तर दोन रविवारांचं काम. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पोरं, बीए मराठीच्या पोरी आणि एखादे मौलाना, ज्यांना अरबी येतं, असे एका टेबलाशी बसले तर जे होईल ते सिनेमाइतकंच बघण्यासारखं असेल. मौलाना त्या अरबी संवादांत इंग्रजी पट्टीनं कुठे चूक केली ते सांगतील. मला याची खात्री आहे, कारण आमच्या ओळखीच्या एका हाफिजजींनी एका इंग्रजी पट्टीतल्या तीन चुका पहिल्या अर्ध्या तासात काढल्या होत्या.

मराठीच का, उर्दू किंवा हिंदी का नाही? उर्दूही करा, नक्की करा. पण कॉलेजात बाजूच्या बाकावर बसणाऱ्याची भाषा मराठी आहे. त्याच्याबरोबर बसून बघायचं तर पट्टी त्याला वाचता आली पाहिजे. शिवाय आपणही मराठीच वाचतोय, हे त्याला कळायला हवं.

वेळेचं एक सांगतो. महोत्सववाले संध्याकाळी सातला ठेवतात. सातला ठेवलं की आपल्या मुली आल्या नाहीत म्हणून समजा. दुपारी दोनला ठेवा, लेक्चर संपल्यावर. साडेचारला सिनेमा संपतो, साडेपाचला चर्चा, मगरिबच्या आधी घरी. जुम्मा सोडून कोणताही दिवस. पालकांना बोलवा, कायदाच त्यांना बसू देतो. एखादी अम्मी 'वज्दा' बघायला आली तर चर्चेत पहिलं बोलायला तिला सांगा.

होऊ शकतं का हे? छत्रपती संभाजीनगरमध्ये होतंय. अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा उद्घाटनाचा कार्यक्रम एमजीएमच्या कॅम्पसमधल्या रुक्मिणी सभागृहात होतो. मराठवाड्यातल्या कॉलेजची पोरं तिथे इराणचे, युरोपचे सिनेमे बघतात. ते शहरही दंगली पाहिलेलं आहे, आणि औरंगजेबाची कबर तर त्यांच्याच जिल्ह्यात आहे. नागपूर विद्यापीठाला २०२३ मध्ये शंभर वर्षं झाली. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आहे. आपल्या अंजुमनच्या संस्था आहेत, सभागृहं आहेत, प्रोजेक्टर आहेत. त्या सभागृहांत वर्षातून एकदा सत्कार होतो आणि उरलेले दिवस खुर्च्यांवर कापड टाकलेलं असतं.

परीक्षा, प्लेसमेंट, नोकरी यांचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी: महिन्यातले साडेतीन तास. तेवढा वेळ रील्समध्ये एका दुपारी जातो.

तर या सत्रात अर्ज द्या. एका कागदावर, मराठीत, प्राचार्यांच्या नावे. किमान दहा विद्यार्थ्यांच्या सह्या घ्या आणि त्यात मुस्लिमेतर मित्रमैत्रिणींच्या सह्या घेतल्याशिवाय देऊ नका. चित्रपटाचं नाव, देश, वर्ष, कालावधी लिहा. प्रमाणपत्र असेल तर तेही लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ चा उल्लेख करा. प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक असतील, तिकीट नसेल, हे लिहा. चर्चेला कोणते प्राध्यापक बसतील त्यांचं नाव आधी विचारून घाला. नाकारलं तर कारण लेखी मागा. 'वादग्रस्त' एवढंच लिहून दिलं तर कोणती गोष्ट वादग्रस्त आहे हे विचारणारा दुसरा अर्ज द्या. आणि दोन्ही वेळा अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून परत घ्या, तोंडी 'बघू' म्हटलं तर ऑफिसच्या खिडकीसमोरून हलू नका.